वाळवंटाचा झार आणि कारखान्याचा कामगार

एका अभ्यासवर्गात नुकताच घडलेला प्रसंग आहे. दुपारच्या चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्याने वहीत चिकटवलेले एक रंगीत छायाचित्र सर्वांना फिरवून दाखविले. निळ्या रंगाचा एक अवाढव्य ट्रक वाळूच्या टेकडीवरून झेप घेतो आहे, पुढची चाके अधांतरी आहेत आणि मागे धुळीचा लोट उठला आहे. ‘साथी, हा कामाझ,’ तो अभिमानाने म्हणाला. ‘मर्सिडीज, मान, डाफ, साऱ्या भांडवलदारांच्या गाड्यांना याने धूळ चारली. नियोजनातून उभा राहिलेला कारखाना, आणि त्या कारखान्याच्या माणसाला आज सारे जग डाकारचा झार म्हणते!’ जमलेल्यांपैकी दोन-तीन जुन्या मंडळींनी समाधानाने माना डोलावल्या. पुढच्या सत्राची वेळ झाली होती म्हणून प्रस्तुत लेखक त्या वेळी गप्प बसला. परंतु ते समाधान मनाला टोचत राहिले, आणि त्या टोचणीतूनच हा लेख लिहिला आहे.

पक्षाच्या साप्ताहिकाने ट्रकच्या शर्यतीवर एवढी जागा खर्च करावी काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्यांना एवढेच सांगावयाचे की, ज्या गोष्टींचा आपल्या कार्यकर्त्यांना अभिमान वाटतो त्या गोष्टी तपासून पाहणे हे पक्षाच्या साप्ताहिकाचे कामच आहे. शत्रूच्या दंतकथा आपण नेहमीच फोडतो. स्वतःच्या दंतकथांना मात्र आपण शेंदूर फासून ठेवतो.

प्रथम त्या माणसाविषयी. व्लादिमीर चागिन याचा जन्म १९७० साली उरल पर्वताच्या बाजूला पेर्म प्रांतातील नित्वा या गावी झाला. त्याचे कर्तृत्व घडले ते तातारस्तानातील कामा नदीकाठच्या नाबेरेझ्निये चेल्नी या शहरात. हे शहर म्हणजेच कामाझ कारखाना, असे म्हटले तरी चालेल. १९६९च्या अखेरीस तेथे बांधकामाला हात घातला गेला आणि १६ फेब्रुवारी १९७६ रोजी पहिला ट्रक बाहेर पडला. वर्षाला दीड लाख ट्रक आणि अडीच लाख एंजिने, एवढ्या उत्पादनाचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून ही उभारणी झाली होती. १९८२ ते १९८८ या काळात शहराचे नावच बदलून ब्रेझनेव्ह असे ठेवण्यात आले होते. ज्या वर्षी शहराला जुने नाव परत मिळाले त्याच वर्षी, म्हणजे १९८८ साली, कारखान्याने सेम्योन याकुबोव यांच्या नेतृत्वाखाली ‘कामाझ-मास्टर’ हा शर्यतीचा संघ स्थापन केला. चागिन हा याच संघात घडला. मोटारींची हौस पुरविणाऱ्या श्रीमंत बापाचा तो मुलगा नव्हता आणि शर्यतीत उतरण्यासाठी त्याने स्वतःची थैली मोकळी केलेली नव्हती. पश्चिमेकडच्या शर्यतींच्या जगात ही गोष्ट आजही विरळा आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.

त्याच्या यशाचा हिशेब थोडक्यात असा. डाकार रॅलीच्या ट्रक विभागाचे विजेतेपद त्याने २०००, २००२, २००३, २००४, २००६, २०१० आणि २०११ असे सात वेळा मिळविले. दैनंदिन टप्प्यांपैकी ६३ टप्पे त्याने जिंकले. मधल्या वर्षांत पराभवही झाले. २००१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या जमान्यातील जुना खेळाडू कारेल लोप्राइस पुढे गेला. २००५ आणि २००९ मध्ये संघातीलच सहकारी फिर्दाउस काबिरोव विजयी झाला. २००७ मध्ये ट्रक उलटून चागिन शर्यतीबाहेर गेला. २०११चे सातवे विजेतेपद घेऊन त्याने चालकाचे आसन सोडले आणि पुढे संघाची सूत्रे हाती घेतली. २०२२पर्यंत कामाझने ही शर्यत एकूण १९ वेळा जिंकली; त्यांपैकी सात विजय एकट्या चागिनच्या नावावर आहेत.

‘एकट्या’ हा शब्द लिहिला खरा, पण तोच या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे. या शर्यतीतील ट्रकमध्ये एकटा माणूस नसतोच. केबिनमध्ये तिघे बसतात. एक चालक, दुसरा वाट दाखविणारा आणि तिसरा मेकॅनिक. २००३ आणि २००४ साली चागिनच्या शेजारी खुद्द याकुबोव व सर्गेई साव्होस्तिन हे दोघे होते. २०१० मध्ये साव्होस्तिन आणि एदुआर्द निकोलायेव होते. या माणसांचे काम काय असते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण क्रीडापत्रकारांना त्यात गोडी नाही. मऊ वाळू आली की टायरमधील हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर तरतो. कठीण, खडकाळ जमीन लागली की तीच हवा पुन्हा वाढवावी लागते. एरवी टायर रिमवरून निघतो किंवा दगडाने फाटतो. हे सारे ट्रक न थांबविता केबिनमधून करण्याची सोय असते, आणि मेकॅनिकची नजर सतत त्या काट्यांवर असते. वाट दाखविणारा मांडीवरच्या वहीतील खुणा वाचून ‘अमुक अंतरावर खड्डा, तमुक अंतरावर कोरड्या नदीचे पात्र’ असे ओरडून सांगत असतो. चालकाने टेकडीच्या माथ्यावर वेग नेमका किती ठेवावा? कमी झाला तर आठ-दहा टनांचे धूड पोटावर अडकून बसते. जास्त झाला तर पलीकडच्या उतारावर ते नाकावर आपटते, आणि पलीकडे काय आहे ते माथ्यावर पोहोचेपर्यंत कोणालाच दिसत नाही. त्यातच दुचाक्या आणि मोटारी पुढे गेलेल्या असल्याने ट्रकच्या वाट्याला येणारी वाळू अगोदरच नांगरून पडलेली असते. अशा वाळूत दिवसभर साडेअठरा लिटरचे, ८००हून अधिक अश्वशक्तीचे एंजिन हाकायचे, रात्री तळावर तेच उघडून दुरुस्त करायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे, ही कामगाराची विद्या आहे. कामाझ-मास्टरमध्ये चालकाच्या आसनापर्यंत जाणारी वाट मेकॅनिकच्या कामातून जाते. २०१० साली चागिनच्या ट्रकमध्ये मेकॅनिक असलेला निकोलायेव २०१३ मध्ये स्वतः विजेता झाला, तो याच शिस्तीतून. उमेदवारी करून कारागीर व्हावे आणि कारागिराने उस्ताद व्हावे, ही आपल्याकडच्या गिरणी-कारखान्यांतील जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील मोल वेगळे सांगावयास नको.

आणि अशा सामुदायिक विद्येच्या शिरावर कोणता मुकुट चढविला गेला? ‘झार’ हा! १९१७ साली ज्या देशाने झारशाही उलथून टाकली, त्या देशात, क्रांतीच्या नावाने उभारलेल्या शहरात, एका ट्रकचालकाच्या गौरवासाठी याहून दुसरा शब्द सापडू नये, आणि त्या शब्दाने आपल्या मित्राचीही छाती फुगावी, याला काय म्हणावे? वृत्तपत्रांचे एक वेळ समजू शकते. तिघांचे श्रम एकाच्या नावावर चढविल्याशिवाय त्यांचा मथळा सजत नाही. पण आपण?

आता दुसरा दावा पाहू. कामाझचा विजय हा नियोजनाचा विजय, असे आपला मित्र म्हणतो. तारखा त्याच्या बाजूने नाहीत. संघ प्रथम डाकारला उतरला तो १९९० साली. त्याच वर्षी कामाझचे रूपांतर भागभांडवलाच्या कंपनीत झाले. १९९६ मध्ये व्हिक्टर मॉस्कोव्स्कीख याने पहिले विजेतेपद आणले तेव्हा सोव्हिएत संघ अस्ताला जाऊन चार वर्षे उलटली होती. १९९३च्या एप्रिलमध्ये एंजिनांचा कारखाना आगीत भस्मसात झाला, आणि कामगारांनी तो काही महिन्यांत पुन्हा उभा केला. खरे म्हणजे या साऱ्या कहाणीतील सर्वांत मोठा पराक्रम हाच होय. पण त्यासाठी कोणी चषक दिला नाही. पुढे २००८च्या अखेरीस जर्मनीच्या डाइम्लर कंपनीने कामाझमध्ये भाग घेतला. म्हणजे ज्या मर्सिडीजला धूळ चारल्याचा आपल्याला आनंद, तिच्याच मालकांचा हात धुळीच्या या बाजूलाही होता.

मुळात कामाझ हा पश्चिमेपासून अलग असा कधी नव्हताच. बांधणीच्या काळी अमेरिकेच्या कंपन्यांनी ओतशाळा व यंत्रसामग्री पुरविली. हेन्री फोर्ड दुसरा याने १९७० साली या प्रकल्पात रस घेतला होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विरोध केल्यावर त्याने माघार घेतली. विरोधाचे कारण असे की हे ट्रक सैन्याच्या कामी येतील. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हा कामाझचे ट्रक त्यांच्यासोबत होते, आणि मग वॉशिंग्टनने यंत्रसामग्रीच्या निर्यातीचे परवाने रोखले. वॉशिंग्टनच्या नीतिमत्तेवर विश्वास ठेवण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. परंतु काबूलच्या रस्त्यावर कोणाचे ट्रक धावले, हे वॉशिंग्टनने सांगितले म्हणून खोटे ठरत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. रॅली आणि रणगाडा यांचे हे नाते रशियापुरते नाही. लोप्राइसने ज्या टात्रा ट्रकवर १९८८, १९९४, १९९५, १९९८, १९९९ आणि २००१ अशी सहा विजेतेपदे मिळविली, ते ट्रक बंगळूरच्या सरकारी बीईएमएल कंपनीमार्फत १९८६पासून आपल्या लष्करात आले. आपले पिनाका अग्निबाण ज्या वाहनावरून सुटतात तेही टात्राच्या सांगाड्यावरचे. २०१२ साली तत्कालीन लष्करप्रमुख व्ही. के. सिंग यांनी आपल्याला १४ कोटींची लाच देऊ केल्याचा आरोप जाहीर केला, आणि त्या निमित्ताने टात्राच्या खरेदीचे प्रकरण किती गाजले हे वाचकांना आठवत असेल. सांगण्याचा हेतू एवढाच की, वाळवंटातून न मोडता धावणारा ट्रक पाहण्यासाठी केवळ हौशी प्रेक्षक डोळे लावून बसलेले नसतात. लष्करी खात्यांचे खरेदीदारही पाहत असतात.

परंतु आपल्या मित्राच्या छायाचित्रात जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट नाही, तिच्याविषयी अद्याप काहीच बोललो नाही. ते छायाचित्र पाहिले की वाटते, वाळवंट रिकामे आहे. ट्रक आहे, वाळू आहे, आकाश आहे आणि माणूस नाही. ही शर्यत त्याच कल्पनेवर जन्मली. तिएरी साबीन या फ्रेंच गृहस्थाने डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून पहिली रॅली सोडली, ती अल्जीरियातून, नायजर आणि माली ओलांडून सेनेगलच्या डाकारपर्यंत. फ्रेंच वसाहतींची सत्ता जाऊन अठरा-वीस वर्षेही झाली नव्हती. जुन्या मालकांच्या मुलांना जुन्या मुलखातून विनारोकटोक धावण्याची वाट मिळाली. त्या मुलखात माणसे होती, मेंढरे होती, बाजार होते, शाळेतून परतणारी मुले होती. रॅलीच्या नकाशात मात्र ती कोठेच नव्हती.

याबाबतीत एक वस्तुस्थिती आपल्या अभ्यासवर्गांत कोणी सांगत नाही. ट्रकसाठी स्वतंत्र विभाग प्रथम झाला तो १९८० साली, आणि त्याचे पहिले विजेतेपद कोणाला मिळाले? अल्जीरियाच्या चालकांना, अल्जीरियाच्याच सोनाकोम या ट्रकवर. सोनाकोम ही स्वतंत्र अल्जीरियाने १९६७ साली उभारलेली सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी. ज्यांच्या वाळवंटातून ही शर्यत जात होती त्यांनीच, स्वतःच्या सरकारी कारखान्याच्या गाडीवर, ती जिंकली! कामाझच्या पहिल्या विजयाच्या सोळा वर्षे आधी. आपल्या मित्राला ज्या अभिमानाची भूक आहे तिचे खरे अन्न येथे आहे, आणि त्या ट्रकचे छायाचित्र त्याच्या वहीत नाही. त्यानंतर हा विभाग मर्सिडीज, डाफ, पेर्लिनी, टात्रा, कामाझ अशा मोठ्या कारखान्यांचा आखाडा बनला आणि ज्यांचे वाळवंट ते कडेला उभे राहून पाहणारे झाले.

कडेला उभे राहण्याची किंमत काय? १९८८ सालाचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी यान दे रॉय या डच चालकाचा दोन एंजिनांचा डाफ ट्रक इतका सुसाट होता की त्याने आरी व्हातानेनच्या प्यूजो मोटारीला मागे टाकले. त्याच शर्यतीत दुसरा डाफ उलटून त्यातील एक माणूस ठार झाला, आणि डाफचा संघ माघारी गेला. लोप्राइसचे पहिले विजेतेपद ते हेच. त्याच वर्षी मालीत दहा वर्षांची एक मुलगी आणि मॉरिटानियात एक आई व तिची लेक रॅलीच्या संबंधातील वाहनांखाली सापडून मेल्या. ज्या भूमीत माणसे भुकेने आणि तहानेने मरतात तेथे धनसत्तेचे हे ओंगळ प्रदर्शन कशाला, असा सवाल तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने केला. व्हॅटिकनने विचारावा आणि आपण विचारू नये, हे आपल्याला शोभते काय?

चागिनच्या स्वतःच्या विजयांकडे याच नजरेने पाहावे. २००० सालची रॅली डाकारहून कैरोकडे निघाली होती. नायजरमध्ये हल्ल्याची धमकी आली, तेव्हा आयोजकांनी काय करावे? शर्यत थांबविली नाही. मोटारी, ट्रक, माणसे असा सारा लवाजमा अवाढव्य अंतोनोव्ह विमानांत भरून थेट लिबियात उतरविला आणि तेथून शर्यत पुढे सुरू केली. चागिनचे पहिले विजेतेपद हे. एखादा देश धोक्याचा वाटला तर त्याच्या डोक्यावरून उडून जाता येते, ही सोय त्या देशात राहणाऱ्यांना नसते. २००६ साली त्याने पाचवे विजेतेपद मिळविले. त्या शर्यतीच्या अखेरच्या दिवसांत गिनीमध्ये दहा वर्षांचा आणि सेनेगलमध्ये बारा वर्षांचा, असे दोन मुलगे रॅलीच्या वाहनांखाली मेले. त्या दोन्ही वाहनांशी चागिनचा किंवा कामाझचा काही संबंध नव्हता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु त्या वर्षीच्या विजयोत्सवात ती दोन मुले कोणी आठवली? १९७९पासून या शर्यतीपायी सत्तरहून अधिक माणसे मेली. त्यांतील निम्म्याहूनही कमी स्पर्धक होते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. स्पर्धकही मरतात, खुद्द साबीनही १४ जानेवारी १९८६ रोजी मालीत हेलिकॉप्टर कोसळून मेला, आणि त्याच्यासोबत मेलेला गायक दानिएल बालाव्हॉन तर गावांना पाण्याचे पंप पोहोचविण्यासाठीच तेथे आला होता, असे सांगतात. ही माहिती खरी आहे आणि बालाव्हॉनच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धकाने धोका स्वतः पत्करलेला असतो. त्यासाठी त्याने शिरस्त्राण घातलेले असते, त्याच्यासाठी डॉक्टरांचे हेलिकॉप्टर तयार असते. विहिरीवर निघालेल्या मुलीने कशावर सही केली होती? आणि पंपांचेच म्हणाल तर, ज्या गावात पाणी न्यावयाचे त्या गावातून दीडशेच्या वेगाने जाणे ही पाणी नेण्याची रीत नव्हे. २४ डिसेंबर २००७ रोजी मॉरिटानियात चार फ्रेंच प्रवासी मारले गेले आणि दुसऱ्याच महिन्यात, सुटण्याच्या आदल्या दिवशी, २००८ची रॅली रद्द झाली. पुढल्या वर्षी तिने आफ्रिकाच सोडली. तीस वर्षांत स्थानिक मुलांच्या मरणाने जी शर्यत एका खंडावरून हलली नाही, ती कशाने हलली याचा वाचकांनी विचार करावा.

शर्यत दक्षिण अमेरिकेत गेली, मग २०२०पासून सौदी अरेबियात. नावात डाकार तेवढे राहिले. चागिन आता संघप्रमुख होता. २०१९ साली पेरूच्या वाळूत त्याच्या संघातील आंद्रेई कार्गिनोव याच्या ट्रकखाली एक प्रेक्षक सापडून जखमी झाला आणि ट्रक न थांबता पुढे निघून गेला. आयोजकांनी कार्गिनोवला स्पर्धेतून बाद केले. पुढल्याच वर्षी त्याने विजेतेपद मिळविले. इतक्या उंच केबिनमधून चाकाजवळचा माणूस दिसत नाही असे कोणी म्हणेल, आणि ते शक्यही आहे. पण यालाच जोडून २०२३ची घटना पाहावी. कारेल लोप्राइसचा पुतण्या आलेश लोप्राइस ट्रक विभागात आघाडीवर होता. एका टेकडीच्या आड उभ्या असलेल्या वृद्ध इटालियन प्रेक्षकाला त्याच्या ट्रकचा धक्का लागला आणि तो मेला. केबिनमध्ये कोणाला कळलेही नव्हते. नंतर चित्रफीत पाहिल्यावर आलेशने आघाडी सोडून शर्यतीतून अंग काढून घेतले. त्याला कोणी बाद केले नव्हते. लोप्राइस घराण्याची सहा विजेतेपदे एका बाजूला ठेवली आणि ही एक माघार दुसऱ्या बाजूला, तर प्रस्तुत लेखकाच्या तराजूचे पारडे माघारीकडे झुकते. आपल्या मित्राने वहीत कोणाचे छायाचित्र लावावे असे मला विचारलेच, तर मी त्या ट्रककडे बोट दाखवीन.

राहता राहिले युद्ध. जानेवारी २०२२ मध्ये कामाझने पहिली चारही स्थाने पटकावली. पुढच्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. कामाझच्या सांगाड्यावर बसविलेल्या पांत्सिर विमानवेधी तोफा, आणि सैन्याची रसद वाहणारे त्याचे ट्रक हे काही गुपित नव्हे. पाश्चात्त्य देशांनी कंपनीवर निर्बंध घातले, डाइम्लरने सहकार्य थांबविले. मोटार-क्रीडेच्या जागतिक महासंघाने रशियन स्पर्धकांना युद्धाचे समर्थन न करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यास सांगितले. चागिनच्या संघाने नकार दिला आणि २०२३च्या शर्यतीत तो उतरला नाही. काही मित्रांना या नकारात साम्राज्यवादाला दिलेले उत्तर दिसते. मला दिसत नाही. शेजारच्या देशातील कामगारांच्या वस्त्यांवर बॉम्ब पडत असताना ‘मी याचे समर्थन करीत नाही’ एवढे चार शब्द लिहिण्यास ज्याचा हात अडतो, त्याच्या पाठीशी सरकारचे वजन आहे. त्यात कामगाराचा स्वाभिमान शोधू नये.

मात्र दुसऱ्या बाजूचा दांभिकपणाही झाकून ठेवता कामा नये. रशियनांकडून प्रतिज्ञापत्र मागणारी हीच मंडळी २०२०च्या जानेवारीत सौदी राजघराण्याच्या पाहुणचाराला गेली, तेव्हा येमेनवर सौदी विमानांचे बॉम्ब पडतच होते. त्यासाठी यजमानांपुढे कोणी कागद ठेवला नाही. स्त्रियांना मोटार चालविण्याचा हक्क मिळावा म्हणून लढलेली लुजैन अल-हथलूल ही तरुणी तेव्हा सौदी तुरुंगात होती. मे २०१८ मध्ये तिला पकडले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडले. मोटार चालविण्याचा हक्क मागणारी बाई गजाआड, आणि बाहेर जगातील सर्वांत मोठी मोटार-शर्यत! त्या महिन्यात विजेता ट्रक कामाझचाच होता. प्रतिज्ञापत्र मागणारे आणि ते नाकारणारे, दोघेही त्या मंडपात शेजारी शेजारी बसून जेवले.

तेव्हा चागिनच्या हातातील कसबाला माझा नमस्कार आहे. साव्होस्तिनच्या, निकोलायेवच्या, आणि आग लागल्यावर एंजिनांचा कारखाना पुन्हा उभारणाऱ्या ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत त्यांच्या हातांना तर त्याहून अधिक. पण ज्याला झार म्हणून मिरविले जाते त्याच्या पालखीचे भोई होण्याचे आपल्याला काही कारण नाही. चेल्नीच्या कामगारांची स्थिती जाणून घ्यावयाची असेल तर शर्यतीचे निकाल पाहून उपयोग नाही. बाजारात ट्रकला मागणी उरली नाही म्हणून कामाझने १ ऑगस्ट २०२५पासून चार दिवसांचा आठवडा लागू केला. दिवस कमी म्हणजे पगार कमी, हे गिरणगावात वाढलेल्यांना समजावून सांगावे लागत नाही.

हा लेख छापण्यापूर्वी त्याची एक प्रत अभ्यासवर्गातील त्या तरुण मित्राला पाठविली आहे. तो हुशार आहे आणि भांडखोरही आहे. त्याचे उत्तर आले तर तेही याच पानावर, काटछाट न करता छापावे अशी संपादकांना विनंती आहे.